मदत हवी आहे: हंस माझ्याच रानात का उतरतात?

काठावरचा: रोज थवाच्या थवा येतोय, शेंडे खुडून जातोय. शेजाऱ्याच्या रानात पाय ठेवत नाहीत. उपाय सांगा, लवकर.

टिळकवाडीकर: गाव? पीक? दिवसा की रात्री? भगव्या रंगाचे असतील तर ते चक्रवाक, हंस नव्हेत.

काठावरचा: हिडकल धरणाच्या मागं, गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात केलेला पेरा. राखाडी, डोक्यावर दोन काळे पट्टे. अंधार पडला की येऊलालेत.

निपाणीकर: तंबाखू लावा. आमच्यात कोण तोंड लावत नाही.

काठावरचा: यंदाचं बोला की ओ.

पाणथळ: पट्टकादंब! हंसाचीच जात. तिबेट-मंगोलियाकडे परतायच्या तयारीत असणार. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपर्यंत जातात. गदगकडच्या मागडी तलावावर तर थंडीत बघायलाच हवेत. २०२४ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला तो.

टिळकवाडीकर: भाषण राहू द्या. पीक कुठलं ते अजून कळलं नाही.

काठावरचा: गहू, आणि काय. पाणी उशिरा उतरलं, पेरा मागं पडला. शेजाऱ्याचा हरभरा घाट्यावर आलाय.

पाणथळ: युरिया टाकलात?

काठावरचा: टाकला. त्याचा काय संबंध?

पाणथळ: हंस रवंथ करत नाही. पाला पोटातून झटपट पुढं जातो, थोडाच पचतो. म्हणून आखूड, कोवळा, प्रथिनं जास्त नि चोथा कमी असा पाला शोधतो. युरोपातले बार्नॅकल हंस वसंतात उत्तरेकडं जाताना नव्या गवताच्या मागोमाग सरकतात, खत घातलेली कुरणं त्यांना जास्त आवडतात. लांबच्या उड्डाणाआधी अंगावर चरबी चढवायची असते. तुमचा मागास गहू तसाच, त्यात पाण्याला लागून, चहूकडं मोकळं. निबर हरभरा कशाला खातील?

मळेकरी: फटाके लावा, विषय संपला.

टिळकवाडीकर: चार दिवसांत सरावतात. आवाजाची जागा बदलत राहा, चमकत्या फिती बांधा. फास किंवा जाळं नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

निपाणीकर: पाण्याच्या बाजूनं शाळूची धाटं उभी करा. नजर अडली की उतरायला बिचकतात, हा माझा अनुभव.

पाणथळ: उडत येणाऱ्याला धाटांचं काय?

निपाणीकर: उतरल्यावर कोल्हा दिसायला नको का त्याला?

काठावरचा: आमची धाटं बैलांना गेली.

निपाणीकर: माझ्याकडं गंजी आहे. वैरणीच्या भावानं देतो, गाडीभाडं तुमचं.