घरभर एसी, पण एकाच खोलीत वारा येत नाही: तुमच्याकडे काय निघालं?

आज आईची खोली आवरताना छताची जाळी पुसायला स्टुलावर चढले आणि हात तसाच वर धरून उभी राहिले. हवा गार होती, पण इतकी मंद की तळहाताला जेमतेम कळत होती. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. आई तेव्हा महिनाभर आमच्याकडे होती. रोज सकाळी तिची उशी पलंगाच्या पायथ्याशी, जाळीच्या बरोबर खाली दिसायची. "झोप लागली ना गं?" विचारलं की "लागली की" एवढंच म्हणायची.

आम्ही थर्मोस्टॅट खाली आणत राहिलो. हॉल गारठला, तिची खोली होती तशीच. मेकॅनिकने दोनदा गॅस तपासला, दोन्ही वेळा बरोबर निघाला. तिसऱ्याने आल्या आल्या विचारलं, "हवा परत कुठून जाते?" परतीची मोठी जाळी आम्हीच नव्या कपाटामागे झाकून टाकली होती! कपाट सरकवलं तशी यंत्राची घरघर कमी झाली आणि सगळ्या जाळ्यांमधून वारा सुटला. पण तोवर आई परत गेली होती.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येतेय. कपाट सरकवलं तिथेच आहे, फिल्टर परवाच बदललाय, तरी वारा मंद. तुमचे अनुभव सांगाल?

*

फक्त त्याच खोलीत की घरभर? आधी हे सांगा, सगळं त्यावर आहे. घरभर असेल तर फिल्टर, कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या), ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा). एकाच खोलीत असेल तर त्या खोलीकडे जाणारा डक्ट, म्हणजे हवेचा नळ.

*

"लागली की" वाचून गलबललं. माझी आईही अशीच, कधी काही बोलून दाखवणार नाही. बाळ उठलंय, नंतर लिहिते.

*

आमच्याकडे बर्फ!! कॉइलवर पांढरा थर, तांब्याच्या जाड नळीवरही बर्फ. आधी वारा कमी झाला, मग बंदच. आम्ही घाबरून थर्मोस्टॅट अजून खाली नेला, ते साफ चुकलं. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा असतो. आमचा बर्फ वितळायला अख्खी रात्र गेली आणि खाली पाणीच पाणी. ट्रेखाली जुनी चादर आधीच घालून ठेवा. सुरीने वगैरे खरवडायला जाऊ नका, कॉइलला भोक पडलं तर गॅस जाईल.
कारण म्हणाल तर फिल्टर. धुळीने अगदी नमद्यासारखा झाला होता.

*

बर्फ नुसत्या फिल्टरमुळेच होतो असं नाही हं, गॅस कमी असला तरी होतो. बर्फ पूर्ण वितळल्याशिवाय गॅस मोजायला कुणाला बोलावू नका, आकडा चुकीचा येतो.

*

फिल्टरचा विषय निघालाच आहे तर, मुलाला दमा म्हणून मी चांगला बघून मर्व्ह 13 चा फिल्टर आणला, एक इंची. (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा.) दुसऱ्या दिवसापासून सगळ्या खोल्यांत वारा निम्मा. फिल्टर जितका बारीक तितकी हवा अडते. पातळ चौकटीत तो आमच्या ब्लोअरला झेपत नव्हता. शेवटी चार इंची फिल्टर बसेल अशी पेटी करून घेतली. तोच मर्व्ह 13, पण घड्या खोल, कागद जास्त, म्हणून हवा मोकळी जाते. मुलाचा रात्रीचा खोकलाही कमी आहे. यासाठी धडपड करावी लागली, पण समाधान आहे.
आणि चौकटीवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने हवा.

*

मुलगा आता बरा आहे ना? माझ्या भाच्यालाही दमा आहे, त्याच्या आईला हे सांगते.

*

हो, बराच बरा आहे. आभार, ताई.

*

कपडे वाळत घालता घालता लिहितोय. आमचा ब्लोअर सुरू व्हायचा पण उचलच घ्यायचा नाही. मोटरला चालना देणारा कपॅसिटर उतरला होता. सुटा भाग छोटासाच, पण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार राहतो, स्वतः हात घालू नका. त्याच दिवशी मेकॅनिकने ब्लोअरचं चाक बाहेर काढून दाखवलं. पाती आतून वळलेली असतात आणि त्या वळणातच धूळ घट्ट बसलेली. पात्याला वळणच उरलं नाही तर हवा फेकणार कशी?

*

कुणी कुणी वापरात नसलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करतं, म्हणजे बाकीच्या खोल्यांना जास्त वारा मिळेल म्हणून. आम्हीही केल्या होत्या. डक्टमध्ये दाब वाढला आणि सांध्यांमधून हवा माळ्यावर फुकट जायला लागली. एनर्जी स्टार या अमेरिकेच्या सरकारी ऊर्जाबचत योजनेच्या माहितीत आहे की साधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा गळती आणि ढिल्या जोडांमधूनच जाते.

*

आणि ते सांधे कापडी डक्ट टेपने चिकटवू नका! नाव डक्ट टेप, पण उष्णतेने डिंक सुकून ती सुटते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 1998 च्या सुमाराला तपासून हेच सांगितलं होतं. मॅस्टिकचा (सांधे बुजवायच्या घट्ट लुकणाचा) लेप द्या, नाहीतर फॉइलची टेप.

*

थोडं विषयाबाहेर. आधुनिक एसीचा जनक मानल्या जाणाऱ्या विलिस कॅरिअरने 1902 मध्ये जे यंत्र आखलं ते माणसांसाठी नव्हतंच, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी होतं. दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जुळायचे नाहीत. मी छपाईत तीस वर्षं काढली, म्हणून हे वाचलं तेव्हा फार जवळचं वाटलं.

*

काका, छपाईवर वेगळं लिहा ना, वाचायला आवडेल.

*

ताई, खोलीचं दार बंद असताना वारा कमी आणि उघडं असताना जास्त, असं होतं का? त्या खोलीत परतीची जाळी नसेल तर आत आलेल्या हवेला बाहेर पडायला फक्त दाराखालची फट. आमच्याकडे दार आणि फरशीत बोटभरही अंतर नव्हतं. सुताराकडून दार खालून तासून घेतलं.

*

फक्त तिच्याच खोलीत. दार उघडं ठेवून पाहिलं, किंचित फरक वाटतो, पण बाकीच्या खोल्यांइतका वारा नाहीच. डक्ट माळ्यावरून जातो. हे आले की वर चढायला सांगते.

*

वर गेलात तर लवचिक डक्ट कुठे मुडपलाय का ते हाताने चाचपत जा. तो ताणलेला हवा, लोंबता नको.

*

सापडलं! गेल्या दिवाळीत आम्हीच माळ्यावर ठेवलेली पुस्तकांची पेटी डक्टवर टेकली होती. डक्ट पार चपटा. पेटी हलवली, हाताने त्याला गोल आकार दिला, खाली पट्ट्याचा आधार बांधला. माझ्या हातात टिशू होता, तो जाळीखाली धरला तर आडवाच झाला. दाराचंही सुताराला सांगितलंय.

आता पलंग जाळीपासून जरा बाजूला सरकवतोय, नाहीतर वारा थेट तिच्या डोक्यावर यायचा.