मदत हवी आहे : सोहनी-महिवालच्या प्रयोगासाठी पाण्यात विरघळणारं मडकं

सोहनी-महिवाल या पंजाबी प्रेमकथेत मडक्याच्या आधाराने चिनाब नदी ओलांडताना, नणंदेने भाजलेल्या मडक्याच्या जागी ठेवलेलं कच्चं मडकं सोहनीच्या हातात विरघळतं, तो प्रसंग रंगमंचावर काचेच्या टाकीत खराखुरा दाखवायचा आहे. मडकं २० सेंटिमीटर उंच. संवाद संपेपर्यंत तीनेक मिनिटं टिकावं, मग ढासळावं.

शाडू पूर्ण वाळलेली असेल तर पाणी छिद्रांत झपाट्याने शिरतं, आतली हवा कोंडते आणि भिंत पापुद्र्यांनी सुटते. थोडी ओलसर असेल तर बराच वेळ तग धरते. (म्हणजे नणंदेने मडकं उन्हात चांगलं वाळवलेलं असणार!) कागदाचा लगदा मिसळला की ती सुटतच नाही, नुसती लोंबकळते. भाजणं तर बादच, साधारण ६०० अंशांपुढे गेलेली माती पुन्हा विरघळत नाही.

भिंत ५ मिलिमीटर ठेवावी की ८? वाळू किती टक्के घालावी? तळ आधी सुटावा म्हणून तो पातळ केला तर वाळताना बुडाशी तडा जातो, त्याला काय करावं? शिवाय पाणी लगेच गढूळ होऊन प्रेक्षकांना काहीच दिसत नाही. तुरटीने इतक्या कमी वेळात फरक पडेल का? कुंभारकाम करणाऱ्यांनी जरूर सांगावं.