दर रविवारी आपोआप ‘डॉकर प्रून’: लावावं की नको?

राजारामपुरीकर:
२५६ जीबीच्या लॅपटॉपवर डॉकर (अ‍ॅप वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन), नोड आणि अँड्रॉइड स्टुडिओ एकत्र नांदवायचे, तर सफाई आपोआपच व्हायला हवी. आपल्या कोल्हापुरातल्या छोट्या टीमनी सगळ्यांच्या मशीनवर एकच क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावावा: डॉकर सिस्टम प्रून, म्हणजे वापरात नसलेलं पुसणं, सोबत ‘ए’ (न वापरलेल्या सगळ्या इमेज, म्हणजे अ‍ॅपचे तयार साचे) आणि ‘एफ’ (न विचारता पुसा) फ्लॅग, आणि ‘अनटिल’ फिल्टर १६८ तासांचा, म्हणजे सात दिवसांपेक्षा जुनंच जाईल. इमेज काय, परत ओढता येते. डिस्क १०० टक्के भरली की माणूस घाईत नको ते उडवतो.

रंकाळा_बॅकएंड:
भावा, साफ विरोध. ‘अनटिल’ शेवटचा वापर बघतच नाही, तयार झाल्याची तारीख बघतं. काल ओढलेली इमेज महिन्यापूर्वी बिल्ड झालेली असली आणि तिच्यावर कंटेनर (इमेजवरून बनवलेली चालती प्रत) नसला, तर ती जाणारच. थांबवून ठेवलेले कंटेनरही जातात, आणि व्हॉल्यूमबाहेर (व्हॉल्यूम म्हणजे डेटा टिकवायची वेगळी जागा), कंटेनरच्या आत लिहिलेला डेटा त्यांच्यासोबत. त्यात कुणी ‘अनटिल’ काढून (दोन्ही एकत्र चालत नाहीत) ‘व्हॉल्यूम्स’ फ्लॅग जोडला, तर २३ च्या आधीच्या डॉकरमध्ये नाव दिलेले, वापरात नसलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. २३ पासून पुढे फक्त बिननावाचे. स्क्रिप्ट एकच, पण एकाचा डेटाबेस राहणार आणि दुसऱ्याचा जाणार!

राजारामपुरीकर:
तारखेचा मुद्दा मान्य. मग क्रॉनमध्ये फक्त ‘डॉकर बिल्डर प्रून’ ठेवा, ते फक्त बिल्ड कॅश (इमेज बनवताना साठवलेले तुकडे) पुसतं. बिल्ड कॅशमध्ये कुणाचा डेटा नसतो, फार तर पुढचं बिल्ड हळू होईल. पण ‘हातानं करू’ म्हणणारे करत नाहीत, हे माझं मत कायम. जागा संपली की पोस्टग्रेस डेटाबेसला वॉल (बदलांची आधी लिहायची नोंद) लिहिता येत नाही आणि तो बंद पडतो.

उद्यमनगर_लिनक्स:
दोघंही डॉकरवरच अडकलाय राव. आधी ‘डॉकर सिस्टम डीएफ’ मारा, किती जागा सुटेल ते तिथंच दिसतं. लॉग पुसूनही लिनक्सच्या ‘डीएफ’ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) चा आकडा हलला नाही, तर ती फाइल कुठल्यातरी प्रोसेसनं उघडी धरलीय. ‘एलएसओएफ’ (उघड्या फाइलींची यादी) या कमांडला ‘अधिक एल १’ देऊन ती शोधा आणि प्रोसेस रीस्टार्ट करा. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) ची व्हीएचडीएक्स फाइल, म्हणजे त्याची आभासी डिस्क, वाढते, पण सहसा आपणहून आकसत नाही. ‘डब्ल्यूएसएल शटडाउन’ करून डिस्कपार्टमध्ये ती व्हीडिस्क निवडा आणि ‘कॉम्पॅक्ट व्हीडिस्क’ चालवा. हे केल्याशिवाय सी ड्राइव्हवर प्रूनचा फरक सहसा दिसत नाही.

रंकाळा_बॅकएंड:
हे बरोबर. बिल्डर प्रूनच्या क्रॉनला माझी हरकत नाही. नोड मॉड्यूल्स (प्रोजेक्टनं ओढलेल्या लायब्ररींचा फोल्डर) पुसणं मात्र क्रॉनमध्ये घालू नका. लॉक फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये नसेल, तर पुन्हा इन्स्टॉल करताना वेगळ्या आवृत्त्या येतात आणि चालू प्रोजेक्ट मोडतो.