'आनुवंशिक' लठ्ठपणा की 'जनुकीय'? अडलंय

पळसफूल: दारव्ह्याकडच्या आशाताईंसाठी लठ्ठपणावरचं पत्रक मराठीत करून देतेय. 'आनुवंशिक लठ्ठपणा' लिहिलं होतं, तर ते वाचून एक माय रडायलाच लागली, तिच्या पोराला प्राडर-विली (सतत भूक लागून लठ्ठपणा येतो तो जन्मजात आजार) आहे, म्हणे आमच्या सात पिढ्यात असं कोणी नाही, मंग माह्यातच खोट का? आणि खरंच, त्यात बहुतेकदा बापाकडून आलेल्या १५व्या गुणसूत्राचा तुकडा अचानक गळालेला असतो, घराण्यातून चालत आलेलं नसतंच. 'जनुकीय' करू का?

तिफन: जनुकीय कोणाले समजते ताई? 'जीनमधला बिघाड' लिहा.

खारपाण: तिफनभाऊ, आपल्याकडं जीन म्हणजे जिनिंग, कापसाच्या बंड्या उभ्या रायतात ते. आमच्या मामीले डॉक्टरनं असंच सांगतलं तं तिनं इचारलं, कोणत्या जिनात? पोराचा बाप तं तिथं कामालेच नाही.

बाभूळकाटा: मंग 'वाण' काहून नाही? पऱ्हाटीचा असते तसा. म्हणच हाय, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

शिदोरी: त्या म्हणीतला वाण म्हणजे रंग, 'वर्ण'वरून आलेला. संक्रांतीचं वाण आणखी वेगळं, ते 'वायन'वरून. आणि लेकराला बियाण्याचा शब्द लावू नका, मला ते बरं वाटत नाही.

बाभूळकाटा: कोशात काही असो, आमचा बुढा बैलाले, सरकीले, माणसाले, सगळ्यालेच वाण म्हणते, अन् मायेनं म्हणते.

पळसफूल: माझं दुसरं वाक्य राहूनच गेलं. एमसी४आर नावाच्या जनुकात बिघाड असला की माणूस जाड होतो, पण मेंदूकडून नसांना जाणारा बीपी चढवायचा इशारा मंद असतो, म्हणून बीपी वजनाच्या मानानं कमी राहतं. 'कमी' वाचून कोणी बीपीच्या गोळ्या सोडल्या तर? जाड माणसं सगळी या जातीची नसतात ना.

खारपाण: 'जातीची' तं बिलकुल लिहू नका ताई, गावात भलताच अर्थ घेतीन. 'प्रकारची' करा.

तिफन: लेप्टिन, ते भूक आवरणारं हार्मोन, कसं लिहिलं? आमचे सर सांगत, चरबीचा लेप म्हून लेप्टिन.

शिदोरी: नाही हो, ग्रीक 'लेप्टॉस' म्हणजे बारीक. १९९४ला त्याचं जनुक सापडलं, नाव पुढच्या वर्षी ठेवलं. ते अंगात बनलंच नाही तर लेकराची भूक भागतच नाही.

तिफन: लेप अन् लेप्टॉस एकाच मुळातले नसतीन कशावरून?

बाभूळकाटा: अन् वाणाचं काय ठरलं?