मदत हवी: फीड रीडरमधल्या बातम्या गायब होतात, डेव्हलपरला काय कळवू?

निपाणीचा_पोरगा: फीड रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइटच्या बातम्या एकाच यादीत दाखवणारा ॲप. त्यातल्या सकाळच्या सगळ्या बातम्या गायब होतात. रोजच. मथळेपण वरून कापलेले दिसतात. ॲपमध्ये ‘सूचना पाठवा’ आहे, तिथं दोनदा लिहिलं. उत्तर आलं, ‘नेमकं काय सुधारायचं ते लिहा.’ आता नेमकं म्हणजे कसं लिहू? कुणीतरी मसुदा करून द्या की. घाई आहे.

टिळकवाडीकर: कुठला ॲप? फोन कुठला? गायब म्हणजे पुसल्या जातात, का वाचलेल्यात जातात?

निपाणीचा_पोरगा: निळ्या आयकॉनचा. फोन साधा अँड्रॉइड. गायब म्हणजे गायब हो, रिकामा स्क्रीन.

जुना_वाचक: १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तेव्हाच यातली मजा गेली. कीबोर्डवर ‘जे’ दाबला की पुढची बातमी, ‘के’ दाबला की मागची. चहा गार व्हायच्या आत शंभर मथळे संपायचे.

घरचा_सर्व्हर: दुसऱ्याच्या ॲपवर विसंबायचंच कशाला? जुन्या रास्पबेरी पायवर, त्या छोट्या कॉम्प्युटरवर, फ्रेशआरएसएस टाका, म्हणजे घरच्या सर्व्हरवर चालणारा फीड रीडर. मी दोन वर्षं वापरालोय, काही तक्रार नाही.

टिळकवाडीकर: अहो, त्यांना मसुदा पाहिजे, तुम्ही सर्व्हर कुठं चढवायला लावालाय.

घरचा_सर्व्हर: बरं, निदान ओपीएमएल फाइल काढून ठेवा. गेलेलं सगळं परत येतंय.

अथणीची_लेक: नाही येत. ओपीएमएलमध्ये फक्त कुठकुठले फीड लावलेत त्याची यादी असते. कुठली बातमी वाचली, कुठली राहिली, हे त्यात नसतं. पोरगा, मथळे सगळ्या भाषांचे कापले जातात का?

निपाणीचा_पोरगा: मराठी आणि कन्नड. इंग्रजी नीट दिसतात. बाबा परवा विचारत होते, ‘कर्नाटक’चं ‘कनाटक’ कधी झालं?

कुंदा_प्रेमी: झालं तर झालं, आम्हाला काय 😄

अथणीची_लेक: बाबा कुठून आले मध्येच?

निपाणीचा_पोरगा: फोन बाबांचाच आहे की. मी उद्यमबागेत कामाला, ते गावाकडं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून अक्षर सगळ्यात मोठं करून दिलंय.

अथणीची_लेक: हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून! यादीतल्या ओळीची उंची ठरावीक ठेवलेली दिसते. रोमन अक्षर मोठं केलं तरी कसंबसं मावतं. आपल्यात वर वेलांटी, तिच्यावर रफार, परत अनुस्वार, खाली उकार. अक्षर वाढलं, चौकट तेवढीच राहिली, की आधी रफार उडतो. ‘गर्दी’ची ‘गदी’. कन्नडमध्येही वर-खाली खुणा असतात, त्यांचं तेच होतं.

शहापूरचा_अण्णा: तुम्ही फिल्टर लावलाय काय? नुसतं ‘बेळगाव’ टाकलं आणि ॲप अख्खा शब्द जुळवत असला तर ‘बेळगावात’, ‘बेळगावचा’ सगळं निसटतंय. ‘बेळगांव’ असं टिंब देऊन लिहिणारेही आहेत.

कुंदा_प्रेमी: आणि ‘बेळगावी’?

शहापूरचा_अण्णा: तेही टाकावं लागतंय. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव तेच आहे.

कुंदा_प्रेमी: सरकारी असेल. आमच्या घरात बेळगावच.

संपादक: नावाच्या वादासाठी वेगळा धागा आहे, तिकडं जा.

निपाणीचा_पोरगा: फिल्टर नाही हो. आत्ता बाबांना व्हिडिओ कॉल करून बघितलं. स्क्रीनच्या खाली उजवीकडं बरोबरच्या खुणेचं गोल बटण आहे. बाबा उजव्या हातात फोन धरतात, अंगठा नेमका त्यावरच पडतो. की सगळं ‘वाचलेलं’. विचारतपण नाही.

अथणीची_लेक: सापडलं. आधी वरच्या तीन टिंबांत ‘वाचलेलंही दाखवा’ सारखं काही आहे का बघा. आणि हे पाठवा:

‘सगळं वाचलं’ हे बटण अंगठ्याखालून काढून मेनूत टाका. ते जमत नसेल तर दाबल्यावर निदान दहा सेकंद ‘रद्द करा’ अशी पट्टी दाखवा. मथळ्याची चौकट अक्षराबरोबर वाढू द्या. फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करून मराठी आणि कन्नड मथळे तपासा.

सोबत स्क्रीनशॉट जोडा. ‘कनाटक’ दिसतो तोच.

राम_नाथ_गल्ली: एवढं कशाला? आमच्या ग्रुपवर सकाळी सहाला पेपरची पीडीएफ येते.

टिळकवाडीकर: मोठं अक्षर लागणाऱ्या माणसाला पीडीएफ?

निपाणीचा_पोरगा: ताई, तीन टिंबांतच होतं! ४१२ बातम्या परत आल्या. मसुदा जसाच्या तसा पाठवलाय. बाबांनी मधल्या काळात त्या बटणावर चिकटपट्टी लावली होती, पण टच तिच्यावरूनही चालतोय.

टिळकवाडीकर: ॲप कुठला ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

निपाणीचा_पोरगा: निळ्या आयकॉनचा म्हटलं की हो.