मदत हवी आहे : गुरगुर खेळातली की धोक्याची?

इंदूरमधल्या श्वानप्रेमी मंडळींनो, तीन वर्षांच्या देशी कुत्रीबद्दल विचारायचं आहे. तिचं भुंकणं कळतं: अनोळखी माणसावर खालच्या पट्टीत, खरखरीत, एकापाठोपाठ; एकटी असली की उंच, सुटं, मध्ये थांबत. अडचण गुरगुरीची. दोरी ओढताना ती तुटक, भरभर असते, अंग सैल. हल्ली जेवणाच्या भांड्यापाशी मात्र लांबट येते, मान ताठ, शेपटी स्थिर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. घरचे रागावतात, ते मला पटत नाही; इशारा दाबला तर पुढे थेट चावा. भांडं न उचलता लांबूनच चिकनचा तुकडा टाकायचा, तर सुरुवात किती फुटांवरून करावी? दात-कान दुखण्याची तपासणी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होईल का? कृपया अनुभवी लोकांनीच सांगा, घरात लहान मूल आहे.