मदत हवी आहे: डेटा आहे, पण पॉलिसी ब्रीफ लिहिता येत नाही

नमस्कार मंडळी, मी इंजुरी प्रिव्हेन्शनमध्ये काम करते, म्हणजे रस्ते अपघात, बुडणं, भाजणं, म्हाताऱ्या माणसांचं पडणं वगैरे. सर्व्हे, हॅडन मॅट्रिक्स (अपघाताच्या आधी, वेळी आणि नंतर काय काय कारणीभूत ठरतं त्याचा तक्ता), जनजागृती हे सगळं जमतं हो, पण धोरण बदलायला अधिकाऱ्यांसाठी छोटं टिपण, म्हणजे पॉलिसी ब्रीफ, लिहायची वेळ आली की गाडी अडते.

परवा स्पीड लिमिट कमी करण्यावर एका अधिकाऱ्यांसमोर बोलायचं होतं, मी ४० स्लाइड्स घेऊन गेले, सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्के वाढतो हा डब्ल्यूएचओचा आकडा पार ३१व्या स्लाइडवर, आणि त्यांनी तिसऱ्याच स्लाइडला विचारलं, "मग मी नेमकं काय करायचं? खर्च किती? विरोध कोण करणार?" माझी बोलतीच बंद. ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवतच नाही, आम्हाला फक्त पोस्टर लावायला शिकवतात 😅

तर कुणी एका पानाचा ब्रीफ लिहिलाय का? आकडा आधी की मागणी आधी? खर्चाचा अंदाज कुणाकडून करून घेता? आणि सरकारी नोकरीत राहून अ‍ॅडव्होकसी (म्हणजे धोरणबदलासाठी पाठपुरावा) कुठपर्यंत चालते, लॉबिंग केलं असा ठपका नको बसायला. कोर्सपेक्षा स्वतःचा अनुभव सांगितलात तर जास्त बरं.